पोटातली वस्ती आणि मुलाचं वजन

आजचा विषय आतड्यातले सूक्ष्मजीव हा आहे, पण सुरुवात आम्ही अंगणवाडीपासून करणार आहोत.

अंगणवाडीत मुलाच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळतात, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये असलं की ‘मॅम’, मध्यम कुपोषित. मेळघाट, नंदुरबारकडे काम करणाऱ्यांच्या तोंडी हे दोन शब्द दिवसभर असतात. अशा मुलाला जास्तीचा आहार सुरू होतो, वजन वाढतं, सगळ्यांना बरं वाटतं. आणि त्यातली काही मुलं थोड्या महिन्यांनी परत पट्टीच्या तांबड्या भागात येतात. का? घरची गरिबी, सारखे जुलाब, दूषित पाणी, आईची कामाची ओढाताण ही कारणं आहेतच, त्यांचं महत्त्व आम्हाला कमी करायचं नाही. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण गेल्या पंधराएक वर्षांत पुढे आलंय, आणि ते सापडलं बाळांच्या शीच्या नमुन्यांत. आज मुख्यतः तीच गोष्ट सांगायची आहे. ती नीट कळायची तर आधी थोडी तयारी करावी लागेल.

आपल्या अंगावर आणि पोटात जिवाणू असतात हे माणसाला कळून सव्वातीनशे वर्षं उलटून गेली. डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ खरवडून भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे बारीक जीव दिसल्याचं १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढे अनेक वर्षं हे जीव म्हणजे रोगाची कारणं, एवढंच आपण शिकलो. अजूनही जंतू म्हटलं की आधी फिनेल आठवतं.

किती असतात हे जीव? तुम्ही ऐकलं असेल की आपल्या शरीरात माणसाच्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट आहेत. आम्हीसुद्धा कित्येक वर्षं वर्गात हेच सांगत आलो, तेव्हा चूक कबूल केलेली बरी. हा आकडा १९७०च्या दशकातल्या एका ढोबळ हिशोबातून आला होता आणि कोणी फेरतपासणी न करता पुस्तकांतून पुस्तकांत फिरत राहिला. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी पुन्हा मोजदाद केली. साधारण ७० किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन भरतं सुमारे दोनशे ग्रॅम. दोन किलो वगैरे जे सांगतात ते विसरा. यातले बहुतेक सगळे राहतात मोठ्या आतड्यात.

आता हे ओळखायचे कसे? पूर्वीची पद्धत म्हणजे नमुना घ्यायचा, काचेच्या बशीत पोषक जेलीवर पसरायचा, आणि जे उगवेल ते मोजायचं. अडचण अशी की आतड्यातल्या कित्येक जिवाणूंना हवेतला ऑक्सिजन म्हणजे विषच, ते बशीवर उगवतच नाहीत. १९७७ साली कार्ल वूझ यांनी दाखवलं की प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिनं बनवणारा जो कारखाना असतो, त्याच्या एका भागाचा मजकूर वाचून जीवांची नातीगोती लावता येतात. जिवाणूंमध्ये या भागाच्या जनुकाला सोळा-एस म्हणतात. सुमारे दीड हजार अक्षरांचं हे जनुक. त्याचे काही तुकडे सगळ्यांत सारखे, काही जातीगणिक वेगळे. सारख्या तुकड्यांना चिमट्यात पकडायचं आणि वेगळे तुकडे वाचायचे. आडनाव सारखं, नाव वेगळं, असं समजा. जीव वाढवायची गरज राहिली नाही, नमुन्यातला डीएनए काढला की हजेरी घेता येते. अमेरिकेतल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने २०१२ साली २४२ निरोगी माणसांच्या तोंड, नाक, त्वचा, आतडं वगैरे ठिकाणांची अशी हजेरी प्रसिद्ध केली. त्यातून ठळकपणे दिसलं ते हे, की दोन धडधाकट माणसांच्या पोटातली वस्ती एकमेकांपेक्षा खूप वेगळी असू शकते.

आमचा या हजेरीवर एक आक्षेप आहे, आणि तो आजच्या बातम्या वाचताना उपयोगी पडतो. ही पद्धत टक्केवारी देते, संख्या देत नाही. वर्गात एका मुलाचे चार भाऊ नव्याने येऊन बसले तर बाकीच्यांची टक्केवारी आपोआप घटते, पण त्यांच्यातला एकही घरी गेलेला नसतो. शिवाय डीएनए मेलेल्या जिवाणूचाही मोजला जातो. आणि नमुना असतो मलाचा. लहान आतड्यात किंवा आतड्याच्या अस्तराला चिकटून काय चाललंय ते त्यात धड दिसत नाही. त्यामुळे ‘अमुक आजाराच्या रुग्णांत तमुक जिवाणू कमी आढळला’ एवढ्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. आजारामुळे जिवाणू कमी झाला, की जिवाणू कमी झाल्यामुळे आजार, की आजारपणात खाणंच बदललं म्हणून दोन्ही? हे सोडवायला निराळी युक्ती लागते. ती मलावीत वापरली गेली.

आफ्रिकेतल्या मलावी देशात ३१७ जुळ्या जोड्यांवर वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम २०१३ साली आलं. जुळी मुलं म्हणजे एकच आई, एकच घर, एकच ताट. तरीसुद्धा ४३ टक्के जोड्यांमध्ये दोघांपैकी एकच मूल कुपोषित झालं. काहींना तर क्वाशिओरकोर हा अंगावर सूज आणणारा प्रकार झाला. दुसरं भावंड ठीक! नुसत्या अन्नाच्या तुटवड्यावर बोट ठेवून हे उलगडत नाही.

मग त्यांनी जंतुरहित उंदीर घेतले. हे उंदीर प्लॅस्टिकच्या बंद पेटीत वाढवतात. हवा गाळून, अन्नपाणी निर्जंतुक करून आत जातं, माणसाचे हात पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून काम करतात. या उंदरांच्या पोटात एकही जिवाणू नसतो. काही उंदरांना आजारी जुळ्याच्या मलातले जिवाणू दिले, काहींना निरोगी जुळ्याचे. दोघांनाही खायला मलावीतला मक्याच्या पिठाचा आहार. आजारी मुलाची वस्ती मिळालेल्या उंदरांचं वजन झपाट्याने उतरलं. त्याच उंदरांना नेहमीचं खाद्य दिलं असता तसं झालं नाही. म्हणजे दोष एकट्या जिवाणूंचा नाही, एकट्या आहाराचाही नाही. दोघांची जोडी जमली की घात होतो. शेंगदाण्याची पोषक पेस्ट दिली तेव्हा उंदीर सुधारले, परत मक्याच्या पिठावर आणले की घसरले. अंगणवाडीतलं ते मूल आठवतंय ना?

आता ढाका. तिथे अतिसार-संशोधनाची जुनी, नावाजलेली संस्था आहे, आयसीडीडीआर,बी. १९६० साली पटकीच्या संशोधनासाठी ती सुरू झाली. तिथले डॉ. तहमीद अहमद आणि गॉर्डन यांच्या गटाने मिरपूर या दाट वस्तीतल्या बाळांवर काम केलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो निरोगी बाळांबद्दल. पहिल्या दोन वर्षांत पोटातली वस्ती कशी बदलत जाते?

बाळाची सुरुवात आईच्या दुधावर होते, आणि इथे एक गंमत आहे. आईच्या दुधात काही किचकट साखरा असतात. दुग्धशर्करा आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल दुधातला हाच मोठा घन घटक. पण बाळाला त्या पचवताच येत नाहीत! आई इतकी ताकद खर्चून जे बनवते ते बाळाच्या उपयोगाचं नाही, मग कशासाठी? तर बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंसाठी. आई एकाच वेळी बाळाला आणि बाळाच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंना जेवू घालत असते. पुढे वरचं अन्न सुरू झालं की डाळीतले, भाजीतले तंतू फोडणारे नवे रहिवासी येतात, आणि दोन-तीन वर्षांत वस्ती मोठ्या माणसासारखी होत जाते.

ढाक्यात निरोगी बाळांचे दर महिन्याला नमुने घेतले आणि संगणकाला त्यावर तयार केलं. नमुना बघ आणि बाळाचं वय सांग. २४ प्रकारचे जिवाणू पाहून संगणक वय बऱ्यापैकी बरोबर सांगू लागला. मग त्याला तीव्र कुपोषित मुलांचे नमुने दिले. त्याने वय कमी सांगितलं. म्हणजे मूल वयाने मोठं, पण त्याच्या पोटातली वस्ती लहान बाळाची. दात यायला उशीर व्हावा तसा इथे वस्ती वयात यायला उशीर. या मुलांना एका गटात शेंगदाण्याची तयार पेस्ट, दुसऱ्या गटात तिथलीच खिचुरी आणि हलवा असा उपचार-आहार मिळाला. वस्ती थोडी पुढे सरकली, पण आहार थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा मागे पडली. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. इतर मोठ्या संशोधनांच्या गर्दीत हा निबंध आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथून प्रश्नाचा रोख बदलला. मुलाला किती उष्मांक द्यायचे यासोबत, त्या मागे पडलेल्या जिवाणूंना काय खायला घालायचं, हेही विचारावं लागलं.

त्यासाठी त्यांनी मिरपूरच्या घरांत बाळांना खरोखर काय भरवतात तेच पदार्थ घेतले. एकेक पदार्थ उंदरांवर आणि मग डुकराच्या जंतुरहित पिलांवर तपासला. दूध पावडर आणि तांदूळ, ज्यांच्यावर आपला भरवसा असतो, त्यांनी हव्या त्या जिवाणूंना फारसा हात दिला नाही. हात दिला तो हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं यांनी. चारही जिन्नस आपल्याकडे कुठल्याही बाजारात मिळतात. २०१९ साली लहान चाचणी झाली. मग २०२१ साली मोठी. मध्यम कुपोषित, १२ ते १८ महिन्यांची मुलं, दोन गट. एकाला हा नवा आहार, दुसऱ्याला नेहमीचा तांदूळ, मसूर आणि दूध पावडरीचा पूरक आहार. दिवसातून दोनदा, तीन महिने. ११८ मुलांनी चाचणी पूर्ण केली. नव्या आहारात उष्मांक जुन्यापेक्षा कमी होते. तरी उंचीच्या मानाने वजन वाढण्याचा वेग त्या गटात जास्त होता, जवळजवळ दुप्पट. रक्तातली हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिनंही अधिक वाढलेली दिसली.

जरा थांबून बघू. दुप्पट हा शब्द मोठा वाटतो, पण दोन्ही वेग लहानच होते आणि मुलं सव्वाशेच्याही आत. यावरून कुपोषण सुटलं असं कोणी म्हणू नये, त्या संशोधकांनीही म्हटलेलं नाही. पण कमी उष्मांकात जास्त वाढ हे उलटं गणित नियंत्रित चाचणीत दिसणं ही किरकोळ गोष्ट नाही. आणि एक विनंती. हे ऐकून उद्या कोणी घरी कच्च्या केळ्याचं पीठ कालवून कुपोषित बाळाला द्यायला जाऊ नये. त्या आहारात जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली होती. तीव्र कुपोषित मूल डॉक्टरांच्याच देखरेखीखाली हवं, त्याला साधा जुलाबही झेपत नाही.

पुढे २०२४ साली आणखी एक धागा हाती लागला. या आहारातल्या तंतूंवर जगणारा आणि मुलांच्या वजनाशी जुळणारा एक मुख्य जिवाणू निघाला प्रिव्होटेला कोप्री. हे नाव भारतीयांच्या दृष्टीने ओळखीचं आहे. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या गटाने २०१९ साली भोपाळ आणि केरळ इथल्या मिळून ११० निरोगी माणसांचा अभ्यास केला. मुख्यतः धान्य-डाळ-भाजी खाणाऱ्या भोपाळकडच्या लोकांत प्रिव्होटेलाचं राज्य होतं, केरळात मासे-मांस खाणाऱ्यांत चित्र वेगळं होतं. पाश्चात्त्य देशांतल्या शहरी माणसांच्या पोटात बॅक्टेरॉइड्स हे दुसरंच कुळ वरचढ असतं. त्यामुळे तिकडच्या ‘निरोगी’ नमुन्याशी आपली तुलना केली तर आपण सगळेच चुकीचे ठरू.

मग प्रिव्होटेला चांगला म्हणायचा का? २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या रुग्णांत असं आढळलं होतं की नव्याने आमवात झालेल्या, उपचार न घेतलेल्या लोकांत हाच प्रिव्होटेला कोप्री जास्त असतो. ढाक्यात मुलाचं वजन वाढवणाऱ्यांच्या यादीत, न्यूयॉर्कमध्ये संशयितांच्या यादीत! एकाच नावाखाली वेगवेगळे वाण असतात, खाणं वेगळं असतं, वय वेगळं असतं. जाहिरातीतले ‘चांगले बॅक्टेरिया, वाईट बॅक्टेरिया’ हे शब्द म्हणून आम्हाला पटत नाहीत.

औषधांचंही तसंच. हृदयासाठी डिगॉक्सिन नावाचं जुनं औषध आहे. त्याची मात्रा फार जपून ठरवावी लागते, थोडी जास्त झाली तर विषबाधा. काही माणसांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा हा जिवाणू ते निष्प्रभ करतो. १९८९ साली न्यूयॉर्क आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी मिळून तुलना केली. न्यूयॉर्कमध्ये साधारण तिघांत एकाच्या पोटात हे औषध मोडलं जात होतं, दक्षिण भारतात सातांत एकाच्या. एकच गोळी, दोन देशांत दोन हिशोब. आणि हे तेव्हा, जेव्हा मायक्रोबायोम हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

मोठ्या माणसांत सूक्ष्मजीवांच्या उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा एका आजारात आहे, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. प्रतिजैविकांनी आतड्यातली वस्ती उजाड झाली की हा जिवाणू माजतो आणि जीवघेणे जुलाब लावतो. २०१३ साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या मलाचं द्रावण नाकातल्या नळीने दिलं. १६ पैकी १५ बरे झाले, तेरा जण तर पहिल्याच खेपेत. नुसत्या औषधाने १३ पैकी चारच. चाचणी लवकर थांबवावी लागली, बाकीच्यांना वंचित ठेवणं योग्य वाटेना. याच उपचारात दात्याच्या मलातला औषधांना न जुमानणारा जिवाणू गेल्याने अमेरिकेत एका अशक्त रुग्णाचा मृत्यू झाल्याचं २०१९ साली जाहीर झालं, हेही सांगितलं पाहिजे. यूट्यूबवर बघून घरच्या घरी करण्याचा हा प्रकार नाही.

ओडिशातल्या चाचणीबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रामीण ओडिशात नवजात बाळांना रक्तात जंतुसंसर्ग होऊन ती दगावतात. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने साडेचार हजारांहून अधिक बाळांवर चाचणी केली. अर्ध्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक वाण, त्याच्या खाद्यासकट, फक्त सात दिवस. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये फार लवकर जन्मलेल्या तेराशे बाळांवरच्या चाचणीत दुसरा एक वाण तपासला होता, त्याचा काहीच फायदा दिसला नाही. बाळं वेगळी, वाण वेगळा, उत्तर वेगळं. त्यामुळे दुकानात ‘प्रोबायोटिक’ एवढंच लिहिलेली बाटली दिसली की आमचा पहिला प्रश्न असतो, कोणता वाण आणि कोणत्या आजारासाठी तपासलेला? बहुतेक वेळा बाटलीवर त्याचं उत्तर नसतं.

हल्ली मलाचा नमुना पाठवा, आम्ही तुमचा आहार सांगतो, अशाही चाचण्या विकल्या जातात. आमच्या ओळखीतल्या एकांनी बरेच पैसे घालून अशी चाचणी केली. अहवाल रंगीत, वीस-पंचवीस पानी, आणि सल्ला काय, तर भाज्या खा, डाळी खा, पॅकेटबंद कमी खा. तोच सल्ला त्यांच्या आईने फुकट दिला होता. नमुन्यावरून एका माणसाला नेमकं काय खावं हे सांगण्याइतका पुरावा आज नाही, असं आमचं मत आहे.

वेळ संपत आली आहे, चिठ्ठ्यांतला एक प्रश्न घेतो. ‘अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर प्रोबायोटिक कॅप्सूल घ्याव्यात का, की दही पुरे?’ २०१८ साली वाइझमन इन्स्टिट्यूटमध्येच यावर एक छोटा प्रयोग झाला. प्रतिजैविकांनंतर काही जणांना अकरा वाणांची कॅप्सूल दिली, काहींना काहीच दिलं नाही, काहींना त्यांचाच आधी साठवलेला नमुना परत दिला. स्वतःचा नमुना मिळालेल्यांची वस्ती काही दिवसांत पूर्ववत झाली. काहीच न दिलेल्यांना वेळ लागला. आणि कॅप्सूल घेतलेल्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, नवे पाहुणे जागा अडवून बसले. माणसं मोजकी होती, तेव्हा यावरून नियम करता येणार नाही. दह्याचा त्यात प्रश्नच नव्हता. तुम्हाला दही आवडत असेल आणि सोसत असेल तर जरूर खा. कोर्स मात्र डॉक्टरांनी सांगितलाय तितका पुरा करा, आणि नंतर जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले नाहीत किंवा रक्त दिसलं तर दह्यावर भिस्त न ठेवता दवाखाना गाठा.